राम तोच, सीताही तीच

प्रश्न : पूर्वी माढेश्वरीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. तो बघून घरी येताना आजोबा सांगायचे, की आपल्याकडच्या पहिल्या सिनेमात राम आणि सीता एकच माणूस झाला होता. हे खरं की थाप? खरं असेल तर त्या माणसाचं पुढे काय झालं?
— एक वाचक, माढा

उत्तर : थाप नाही. आजोबांनी फक्त दोन सिनेमे एकत्र कालवले. माणूस एकच, अण्णा साळुंके. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (1913) तो तारामती झाला आणि ‘लंका दहन’मध्ये (1917) राम आणि सीता दोन्ही.

तारामतीसाठी फाळक्यांनी बाई शोधली, जाहिरात दिली, पण काही जमेना. त्या काळी सिनेमात तोंड दाखवणं नाटकाहून हलकं समजत. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात कामाला असलेला हा नाजूक बांध्याचा, निमुळत्या बोटांचा पोरगा त्यांच्या नजरेत भरला. तिथे महिन्याला दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. मिशी काढायला मात्र तो तयार नव्हता म्हणे. बाप हयात असताना मिशी कशी काढायची? हे कारण माढ्याच्या वाचकाला फोड करून सांगायला नको. सोंगी भारुडात लुगडं नेसणाऱ्या गड्याचंही आपल्याला कुठे नवल वाटतं!

गंमत पुढेच आहे. 1913 मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला (विक्रम गोखल्यांची आजी) पडद्यावर आल्या. म्हणजे बायका मिळू लागल्या होत्या. तरी चार वर्षांनी सीता पुन्हा साळुंकेच. माझ्या मते यात नाइलाजापेक्षा फाळक्यांचा विश्वास जास्त दिसतो. शिवाय लंकेची कथाच ताटातुटीची. राम इकडे, सीता अशोकवनात, त्यामुळे एकाच नटाला दोन्हीकडे वावरायला मोकळीक. सीतेचे दंड अंमळ भरदार दिसत, पण तक्रार कोण करतो? राम पडद्यावर आला की लोक पायातल्या चपला काढत.

अमेरिकेत त्यानंतर काही वर्षांनी लॉन चेनी ‘हजार चेहऱ्यांचा माणूस’ म्हणून गाजत होता. 1925 च्या एका चित्रपटात तोही म्हातारीच्या वेषात आला. त्याचे रंगभूषेचे किस्से आजही सांगितले जातात. साळुंक्यांना तेवढं भाग्य लाभलं नाही, पण त्यांनी दुसरीच वाट धरली. ते कॅमेऱ्याच्या मागे गेले. ‘बुद्धदेव’चं (1923) छायाचित्रण त्यांचं आहे. ज्या यंत्रासमोर पदर सावरत उभं राहायचं, त्याचाच दांडा हातात आला. तेव्हाचा कॅमेरा हातानेच फिरवावा लागे, वेग चुकला की पडद्यावर माणसं तुरुतुरु धावत.

‘हरिश्चंद्र’चा काही भाग आज शिल्लक आहे. त्यात राजा राणीला बोलवायला येतो तेव्हा ती सख्यांसह हौदात पाणी खेळत असते. ओली लुगडी अंगाला चिकटलेली. हौदातल्या त्या सगळ्या सख्या म्हणजे बाप्येच. मोबाइलवर सापडेल. आजोबांच्या खालोखाल घरात जो सर्वांत म्हातारा असेल, त्याला शेजारी बसवून बघा.