खारी-टोस्ट पथ्याचे नव्हेत

भडगाव, पाचोरा किंवा चाळीसगाव, कोणत्याही गावी आजाऱ्याला भेटायला निघालेल्यांच्या पिशवीत केळ्यांबरोबर खारीचा नाही तर टोस्टचा पुडा हमखास असतो. ‘भाकरी जड पडेल, खारी हलकी,’ असे मायेने सांगितले जाते. मधुमेहाचे आणि हृदयविकाराचे रुग्णसुद्धा गोड बिस्किट सोडून खारीकडे वळतात व पथ्य पाळल्याचे समाधान मानतात. हे पथ्य नव्हे.

बेकरीत आपण ‘पेस्ट्री’ म्हणून मागतो तो क्रीम लावलेला केकचा तुकडा असतो. खरे तर मैदा आणि लोणी किंवा तूप यांच्या पिठालाही पेस्ट्रीच म्हणतात. त्यातील एका प्रकाराला फ्रेंच लोक ‘पानापानांचे पीठ’ अशा अर्थाचे नाव देतात. आपली खारी आणि पॅटिसचे आवरण त्याचेच नातलग. मैद्याच्या जाड पोळीत लोण्याचा थर ठेवून घडी घालायची, लाटायचे, पुन्हा घडी घालायची. तीनपदरी घडी सहा वेळा घातली की ७२९ थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, लोण्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि पीठ फुगते. खारी हाताला हलकी लागते ती या पोकळीमुळे. फ्रेंच पद्धतीत मैद्याच्या निम्म्यापासून ते जवळपास बरोबरीने लोणी घालतात. आपल्याकडे प्रमाण कमी-जास्त असेल, पण थर सुटायचे तर स्निग्धांश भरपूर लागतोच. असा पदार्थ ताप, जुलाब किंवा कावीळ झालेल्या माणसाला हलका कसा पडेल?

शिवाय आपल्या खारीत बहुधा लोणी नसतेच. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते आणि खानदेशात मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो. लोणी महागही पडते. म्हणून घट्ट राहणारे वनस्पती तूप किंवा बेकरीसाठीचे मार्गारीन वापरतात. पातळ तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया अर्धवट केली की त्यात ‘ट्रान्स फॅट’ तयार होते. ते रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. आपल्या देशात खाद्यतेले व वनस्पती तुपातील त्याची मर्यादा २०२१ साली ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के करण्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याची जागा पामतेलाच्या घट्ट भागाने घेतली तर तोही कोलेस्टेरॉल वाढवणाराच असतो.

यावर शिकलेली मंडळी एक दाखला देतात : ‘फ्रेंच लोक एवढे लोणी खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी.’ १९९१ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर हे कोडे गाजले व श्रेय रेड वाइनला मिळाले. पुढे काही संशोधकांनी आक्षेप घेतला, की तिकडे हृदयविकाराच्या मृत्यूंची नोंदच कमी होत होती आणि आहारातील बदलाचे परिणाम दिसायला बरीच वर्षे लागतात. दुसरे असे, की फ्रेंच माणसाचा रोजचा लांबट पाव पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यावरच होतो, त्यात तूप-लोणी नसते. पेस्ट्री हा तिकडे परंपरेने रविवारचा, सणावाराचा पदार्थ. आपण तिचा भाऊबंद रोज दोन वेळा चहात बुडवतो. (ज्याला सगळे फ्रेंच म्हणतात त्या क्रोसाँचे मूळही व्हिएन्नाचे आहे.)

टोस्टमध्ये फक्त पावातले पाणी गेलेले असते. मैदा, साखर व तूप तसेच राहतात. त्यामुळे वजनास वजन घेतले तर टोस्ट पावापेक्षा जास्त उष्मांक देतो. ब्राउन ब्रेडचा रंगही कधी कधी कॅरॅमलचा असतो, तेव्हा वेष्टनावर गव्हाच्या पिठाचे प्रमाण पाहावे. ‘अंडे नाही’ या शब्दांचा तर पथ्याशी काही संबंधच नाही.

खात्री करायची असेल तर एक खारी कोऱ्या कागदावर अर्धा तास ठेवा आणि डाग पाहा. किंवा गरम चहात बुडवून कपात तरंगणारे तेलाचे थेंब पाहा. तोंडाला खारट लागते ते मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने वेगळे मोजावे.

आजाऱ्याला मुगाची मऊ खिचडी, ज्वारीच्या पिठाची पेज, ताक द्यावे. भूक परतली की दादरची भाकरी दुधात कुस्करून द्यावी. केळे आपल्या जिल्ह्याचेच, तेही चांगले; मात्र मधुमेही रुग्णाने डॉक्टरांना विचारून अर्धेच घ्यावे. बरे झालेल्या मुलाने हट्टच धरला तर एखादी खारी द्यायला हरकत नाही, पण जेवणानंतर, जेवणाऐवजी नाही.