गवताच्या गंजीचा मुलूख

मराठी मंडळ्यांचा इतिहास शिकवताना आपण गवताच्या गंजीपाशी झालेली प्रार्थना हमखास सांगतो. ती गंजी कोणत्या मुलुखात होती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या पाठात त्या मुलुखाची ओळख करून घेऊ.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायर काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. ती 1761 साली स्थापन झाली. 2000 साली तिचा स्वतंत्र कारभार बंद झाला, तरी नाव व सीमा कायम आहेत. डोंगर, रान, हूसॅटॉनिक नदीचे खोरे आणि विखुरलेली गावे असा हा प्रदेश.

या खोऱ्याचे मूळ रहिवासी मोहिकन लोक. 1734 साली जॉन सार्जंट त्यांच्यात सुवार्ता सांगू लागले. 1739 साली त्यांच्यासाठी स्टॉकब्रिज गाव वसले. पुढे प्रसिद्ध ईश्वरविज्ञानी जोनाथन एडवर्ड्स तेथे पाळक झाले. ख्रिस्ती संसाराचा नमुना म्हणून सुरुवातीला चार इंग्रज कुटुंबे तेथे आणली होती. चाराची कितीतरी झाली आणि कर्जापायी, विक्रीपायी मोहिकनांच्या जमिनी गेल्या. स्वातंत्र्ययुद्धात मोहिकन तरुण अमेरिकेच्या बाजूने लढले, मेले. तरी 1780 च्या दशकात त्यांच्या लोकांना गाव सोडावे लागले. आधी न्यूयॉर्क, मग विस्कॉन्सिन. 1745 साली भेट मिळालेले पवित्र शास्त्र त्यांनी सोबत नेले. बांधवांनीच बांधवांची जमीन गिळली, हे आम्ही सौम्य शब्दांत सांगू इच्छित नाही.

याच काउंटीत शेफील्ड येथे कर्नल अ‍ॅश्ली यांच्या घरी बेट नावाची गुलाम स्त्री होती. राज्याच्या 1780 च्या घटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे म्हटले होते. तिने त्याच आधारावर दावा लावला. 1781 साली ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ती जिंकली आणि तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. घटना लिहिणाऱ्यांपेक्षा तिने ती अधिक नीट ऐकली होती!

आता गंजी. 1806 च्या ऑगस्टमध्ये उत्तरेकडील विल्यम्सटाऊन येथे पाच विद्यार्थ्यांनी वादळात गंजीचा आडोसा घेतला आणि आशियासाठी प्रार्थना केली. त्यांचा पुढारी सॅम्युएल मिल्स. त्यातूनच पुढे 1810 साली अमेरिकन बोर्ड उभे राहिले. त्याच कॉलेजचे गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले; 1826 साली नाशिककडे पटकीने वारले. 1831 साली अहमदनगरचे काम सुरू झाले व 1842 साली ‘ज्ञानोदय’ निघाला. गंजीपाशी दूरच्या आशियासाठी प्रार्थना झाली, तेव्हा त्याच काउंटीतले पहिले मोहिकन विश्वासी बाहेर पडून जेमतेम वीस वर्षे झाली होती.

शिक्षकांनी तिन्ही गावे एकाच नकाशावर दाखवावीत. मोठ्या मुलांकडून 1 राजे 21, नाबोथाचा द्राक्षमळा, आधी वाचून घ्यावा, मग स्टॉकब्रिजचा भाग सांगावा.