बोर्लीच्या केंद्रात रुजू झालेल्या भाचीस पत्र

चि. सुलभा,

बोर्ली पंचतनच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तू रुजू झाल्याचे पत्र पावले. दिवेआगरापासून दिघीपर्यंतचा माणूस अपरात्री तुझ्याच दारी येणार, आणि माणगावचे उपजिल्हा रुग्णालय म्हसळ्यावरून घाट ओलांडल्यावाचून गाठता येत नाही; सबब रोग्याची पहिली पारख बहुधा तुला एकटीलाच करावी लागेल.

लाल विंचू डसलेली दोन मुले एकाच वेळी आली आणि त्यांतले एक आक्रोशाने ओसरी डोक्यावर घेत असून दुसरे आईच्या मांडीवर घामाने निथळत, ओकत, मुकाट पडून असले, तर मंडळी पहिल्यालाच पुढे ढकलतील. तू आधी दुसऱ्याचे हातपाय चाचपून पाहा. ते थंडगार लागले, तोंडातून लाळ गळत असली, तर दंशाच्या जागी कळ नसणे हे सुचिन्ह मानू नकोस. विषाचा अंमल हृदयावर सुरू झाला आहे. आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणे टिपली आणि १९८२ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन त्यांनी या विषावर योजले, तेव्हापासून फुप्फुसांत पाणी भरून दगावणारी मुले वाचू लागली. मात्रा वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम, पोटात. मात्र औषध दिल्यावर मुलाला निजवूनच ठेव, कारण माया अनावर होऊन आई त्याला उभे उचलते आणि रक्तदाब एकाएकी कोसळतो.

सर्पदंशातही हाच न्याय: दंशाच्या जागी कळ नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पहाटे नुसत्या पोटदुखीची कैफियत घेऊन आलेल्या, जमिनीवर निजणाऱ्या माणसाच्या पापण्या जड झाल्या असतील, तर अंगावर खूण नसली तरी मण्यार मनात आण, आणि श्वासावरची नजर काढू नकोस. फुरसे किंवा घोणस असल्याचा संशय येताच दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेव. गोठले नाही तर प्रतिविष सुरू कर. नळी साबणाने धुतलेली नसावी, नाहीतर निकाल फसवा येतो. (ही नळी कपाटात कोठे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेव; दप्तरातल्या साठ्याच्या नोंदीवर विसंबू नकोस.) प्रतिविषाची मात्रा लहान मुलासही मोठ्या माणसाइतकीच. पायावर आवळलेली दोरी दिसली की तिरमिरीत कापू नकोस; प्रतिविष हाताशी आल्यावरच ती हळूहळू सैल कर.

१०८ ची गाडी येईपर्यंत चिठ्ठी लिहून तयार ठेव. दंश किती वाजता झाला, काय औषध, किती आणि केव्हा दिले, रक्तदाब काय होता, एवढे तीत असावे. माणगावच्या डॉक्टरला तुझ्या निदानाहून या वेळा अधिक उपयोगी पडतील.

तुझा,
मामा