धूर की वाफ?

ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही अनेकदा बसला असाल. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली अशी स्थानके एकामागून एक मागे पडतात. गाडीत धूम्रपानाला मनाई आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून तर देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास बंदी आहे. तरीही स्थानकाबाहेर पडले, की एखाद्या टपरीजवळ विडी-सिगारेटचा धूर नाकात शिरतोच. हा धूर ओढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना विडी सोडायची असते. पण ती सुटत नाही.

असे कोणी तुमच्या घरातही असेल. समजा, कल्याणला दूध नाक्याजवळ राहणारे एक चाचा आहेत. वीस वर्षे ते विडी ओढतात. जिना चढताना त्यांना दम लागतो. रात्री खोकल्याने त्यांची झोप मोडते. त्यांना कोणीतरी सांगते, "चाचा, विडी सोडा आणि हे वेप घ्या. यात धूर नाही, नुसती वाफ आहे." आता चाचांनी काय करावे? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

वेप म्हणजेच ई-सिगारेट. चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ साली आजच्या पद्धतीची ई-सिगारेट तयार केली. तो स्वतः सिगारेट ओढत असे. त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. फुफ्फुस म्हणजे उर्दूत फेफडा. सिगारेट सुटावी, म्हणून त्याने हे साधन बनवले. त्यात एक लहान बॅटरी असते, तारेचे वेटोळे असते आणि थोडे द्रव असते. ओढणाऱ्याने झुरका घेतला, की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. या द्रवात बहुधा निकोटिन असते. तंबाखूत असते, तेच हे निकोटिन.

विडीची सवय लागते ती या निकोटिनमुळे. धूर छातीत गेला, की काही सेकंदांतच निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि बरे वाटते. पण सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्मे होते. मग शरीर पुन्हा ते मागू लागते. या मागणीला मराठीत 'तलफ' म्हणतात. तुमचा 'तलब' हाच शब्द मराठीत येऊन तलफ झाला आहे. भाषा बदलली, पण मागणी तीच राहिली!

निकोटिन सवय लावते. मात्र कर्करोग होतो तो मुख्यतः धुरामुळे. तंबाखू जळली, की धुरात सात हजारांहून अधिक रसायने तयार होतात. त्यांतील सत्तरच्या आसपास रसायने कर्करोगाला कारण ठरतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. वेपमध्ये तंबाखू जळत नाही. म्हणून त्याच्या वाफेत ही विषे पुष्कळ कमी असतात. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवून ठेवणे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना डॉक्टर वेपचा पर्याय सांगतात. निरनिराळ्या देशांतील प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा निकोटिनचे वेप वापरणाऱ्या शंभर जणांपैकी आठ ते दहा जणांची सिगारेट सुटलेली दिसली. निकोटिनचा च्युइंगम किंवा पट्टी वापरणाऱ्यांत हा आकडा सहाच्या आसपास होता.

मग चाचांनी वेप घ्यावे का? थांबा. इंग्लंडमधलाच एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८८६ माणसे होती. वेप घेऊन ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यापैकी ८० टक्के लोक वर्षभरानंतरही वेप ओढतच होते. च्युइंगम, पट्टी अशी साधने घेऊन ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यापैकी ९ टक्केच लोक ती साधने अजून वापरत होते. म्हणजे वेपने धूर सुटला, पण निकोटिन बहुतेकांचे सुटले नाही.

शिवाय 'नुसती वाफ' हे शब्द फसवे आहेत. ही चहाच्या किटलीतली वाफ नव्हे. तिच्यात निकोटिन असते, सुगंधी रसायने असतात आणि कधीकधी तापलेल्या तारेतील धातूचे कणही असतात. निकोटिनने नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. अमेरिकेत २०१९ साली वेप ओढणाऱ्या अनेक तरुणांची फुफ्फुसे अचानक बिघडली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले ६८ दगावले. त्यांपैकी बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य असलेले वेप ओढले होते आणि त्यात ई जीवनसत्त्वाचे एक तेलकट रसायन मिसळलेले होते. तीस वर्षे वेप ओढल्याने काय होते, हे तर अजून कोणीच पाहिलेले नाही. वेपचे वयच तेवढे नाही.

धूर निर्मळ करून घेण्याची आशा तशी जुनी आहे. विजापूरच्या दरबारी गेलेल्या असद बेगने सुमारे १६०४ साली तेथून तंबाखू आणून अकबर बादशहाला दाखवली. १६१७ मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदीही घातली. लोक मात्र हुक्का ओढतच राहिले. पाण्यातून आलेला धूर साफ होतो, असा त्यांचा समज होता. तो समज खोटा ठरला आहे. पाण्याने धूर थंड होतो, पण त्यातले विष जात नाही.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १८ सप्टेंबर २०१९ रोजी भारत सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी संसदेने तसा कायदा केला. ई-सिगारेट बनवणे, परदेशातून आणणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून येथे चोरून विकल्या जाणाऱ्या वेपमध्ये काय भरले आहे, हे तपासणारे कोणी नसते. इंग्लंडचा डॉक्टर जे साधन सुचवतो, ते आणि हे एकच समजू नका.

हे साधन मुलांच्या हाती पडते, तेव्हा काय होते? २०१९ साली अमेरिकेतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत चारांपैकी एकाहून अधिक जण वेप ओढत होते. त्याला आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा स्वाद असतो. ते दिसते पेनासारखे, म्हणून दप्तरात सहज लपते. ज्याने कधी विडी ओढली नाही, त्याला वेपने सोडायचे असे काहीच नसते. त्याला फक्त तलफ मिळते.

महाराष्ट्राची आणखी एक गोष्ट आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. बाकीचे बहुतेक लोक तंबाखू चघळतात, गुटखा खातात किंवा मशेरी लावतात. या लोकांना वेपचा काय उपयोग? सोडण्याचा दुसरा मार्ग त्यांनाही हवाच आहे.

तो मार्ग आहे. निकोटिनचा च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळतो. त्यात धूर नसतो, वाफही नसते. किती घ्यायचा आणि हळूहळू कसा कमी करायचा, हे डॉक्टर सांगतात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये आहेत. तेथील डॉक्टरांना सरळ विचारावे. त्यात लाज कसली? तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी दूरध्वनीही २०१६ पासून आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

चाचांजवळ आणखी एक संधी आहे. रमजानमध्ये ते सेहरीपासून इफ्तारपर्यंत विडीला हात लावत नाहीत. एवढ्या तासांत रक्तातले निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड बरेच उतरते. कठीण वेळ येते ती इफ्तारनंतर. त्या वेळी विडी पेटवली, की दिवसभराची मेहनत वाया जाते. तलफेचा जोर पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत तो पुष्कळ ओसरतो. रमजान तर महिनाभर असतो.

या दिवसांत चाचा चिडतील, कारण नसताना ओरडतील. ते तुमच्यावर रागावलेले नसतात; तलफ त्यांना छळत असते. तलफेचा झटका काही मिनिटेच टिकतो. तेवढा वेळ त्यांना पाणी द्या, बोलण्यात गुंतवा, खाली एक चक्कर मारायला घेऊन जा. आणि त्यांनी नाक्यावरून विडीचा कट्टा आणायला सांगितलाच, तर अदबीने नाही म्हणा. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा गुन्हा आहे. टपरीवाल्याने तुम्हाला ती देताच कामा नये.