घुमटातील टाळी आणि दूरचित्रवाणीची काच

बिदरकडील विद्यार्थी सहलीस विजापूरला गेले म्हणजे गोलघुमटात टाळी वाजवितातच. ती भिंतींवर आपटून पुनःपुन्हा उशिरा कानी येते. मोडीतील जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचातून निघालेली एक काचवडी यंदा एका विद्यार्थ्याने आम्हांपुढे ठेवून ‘हिचे काम काय?’ असे विचारले, तेव्हा आम्ही कलाशाखेचे पदवीधर निरुत्तर झालो. शोधाअंती पुन्हा घुमटापाशीच आलो!

भारतात १९८२ साली रंगीत चित्रे आली ती ‘पाल’ पद्धतीने. वाटेत संकेत बिघडल्यास गोरा चेहरा हिरवट दिसावयाचा. म्हणून रंगसंकेताचा एक घटक एकाआड एक ओळीत उलटा पाठवीत. लागोपाठच्या दोन ओळी मिळविल्या की चूक परस्पर फिटे. रंग किंचित फिका होई, पण बदलत नसे. मात्र त्यासाठी आधीची ओळ सुमारे ६४ मायक्रोसेकंद थोपविणे आले. तेवढ्यात प्रकाश १९ किलोमीटर जातो. एवढी तार पेटीत कशी मावावी? म्हणून काचेच्या कडेवरील तुकडा विजेचे ध्वनिकंपन करी. सेकंदास सुमारे ४४ लक्ष कंपनांचा तो ध्वनी कानास अगोचर. कडांवर आपटत तो काचेत अवघे १६-१७ सेंटिमीटर धावे, की दुसऱ्या तुकड्यापाशी त्याची पुन्हा वीज होई.

ती वडी आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. विचारणाऱ्याने तिजवर स्वहस्ते चिठ्ठी डकविली आहे: ‘छोटा गोलघुमट’.