दोघांनी पाहावयाचे युद्धपट : भाच्यास पत्र

अंबाजोगाई

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. तू मोठ्या हौसेने लावलेला युद्धपट सूनबाई मध्यंतराच्या आतच सोडून उठल्या आणि ‘बायकांना युद्धपट आवडतच नाहीत’ असा निकाल तू परस्पर लिहून मोकळा झालास. फिर्यादी तूच, साक्षीदार तूच आणि मुन्सफही तूच, अशा कचेरीतून बाहेर पडलेला हा निकाल मी तरी कायम करणार नाही. सूनबाईंची जबानी तू घेतलीसच कोठे? त्या युद्धाला विटून उठल्या की तोफांच्या गदारोळात माणसाचा आवाजच ऐकू येईना म्हणून उठल्या, एवढी साधी चौकशी केली असतीस तर हे चार पानी पत्र लिहिण्याचे श्रम वाचले असते. असो. विचारलेच आहेस, तर माझे मत सविस्तर लिहितो.

ज्या युद्धपटात सैनिकाच्या मागे राहिलेले माणूस केवळ स्टेशनवर डोळे पुसण्यापुरते येऊन नाहीसे होत नाही, तर शेवटच्या दृश्यापर्यंत कथेतला आपला हक्क सोडत नाही, असा युद्धपट नवराबायकोने जोडीने पाहावा, हे माझे या बाबतीतले मुख्य म्हणणे. बाकीच्या युद्धपटांना मी नावे ठेवीत नाही; ते मित्रांबरोबर खुशाल पाहावेत. परंतु जेथे एकजण लढतो आणि दुसरे माणूस निव्वळ शोभेसाठी उभे केलेले असते, तेथे पाहणाऱ्या दोघांपैकीही एकालाच काम उरते, आणि दुसऱ्याने जांभई दिली तर तो त्याचा अपराध नव्हे.

आरंभ करावयाचा तर ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ या रशियन चित्रपटाने कर. ग्रिगोरी चुखराय यांनी तो १९५९ साली काढला आणि तो दीड तासात संपतो, हाही त्याचा एक गुणच समज. एकोणीस वर्षांचा अल्योशा शत्रूचे दोन रणगाडे निकामी करतो, आणि सेनापती शाबासकी देऊ लागतो तेव्हा पदकाऐवजी आईच्या घराचे गळके छप्पर शाकारण्यासाठी रजा मागतो. सहा दिवसांची रजा मंजूर होते : दोन जाण्याचे, दोन छपराचे, दोन परतीचे. वाटेत आघाडीवर निघालेला एक अनोळखी शिपाई आपल्या बायकोला देण्यासाठी त्याच्या हाती साबणाच्या दोन वड्या ठेवतो. साऱ्या तुकडीच्या वाट्याचा साबण तो. अल्योशा त्या घरी पोहोचतो तो बायकोने दुसऱ्या पुरुषाशी संसार थाटलेला. तो साबण देऊन जिना उतरतो, पुन्हा वर जातो, साबण परत घेतो आणि त्या शिपायाच्या आजारी बापाच्या हाती नेऊन देतो. त्याला मुलाच्या पराक्रमाच्या गोष्टीही रचून सांगतो. त्या बाईला दोष द्यावा की नाही, आणि साबण परत घेण्याचा अधिकार त्या पोराला होता की नाही, यावर तुम्हा उभयतांचे एकमत होणार नाही, आणि होऊही नये. त्या वादात रात्रीचे जेवण थंड झाले तर चित्रपट कारणी लागला असे मी म्हणेन. रजेचे दिवस इतरांची कामे करण्यातच सरतात आणि आईपाशी त्याला उभ्या उभ्या घटकाभर बोलता येते. तो युद्धातून परतणार नाही हे चित्रपट आरंभीच सांगून टाकतो; तरीही त्या भेटीच्या वेळी जीव वरखाली होतो, ही दिग्दर्शकाची करामत.

आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला ही भेट समजावून सांगावी लागत नाही. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरांत संसार भरून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, आणि धारूर-वडवणीकडच्या कित्येक गावांत म्हातारी माणसे व शाळकरी पोरे तेवढी मागे उरतात. निरोप खरा कोणता आणि नाटकी कोणता, हे असल्या गावातली म्हातारी तुझ्यामाझ्यापेक्षा लवकर ओळखील.

दुसरा चित्रपट शेजारच्या सोलापूरचा म्हणता येईल. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये जे पाच डॉक्टरांचे भारतीय पथक गेले, त्यातले ते एक. तेथेच त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी १९४१ मध्ये विवाह केला, पुढल्या वर्षी मुलगा झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढली. कोटणीस त्यांनी स्वतःच रंगवले आणि छिंगलानच्या भूमिकेत त्यांची पत्नी जयश्री होती. चित्रपट जुना आहे, अभिनयाला रंगभूमीचा वास आहे, आणि चिनी खेडे स्टुडिओत उभारलेले आहे हे लपत नाही. परंतु युद्धाच्या धामधुमीत दोन माणसे एकाच रुग्णशय्येच्या दोन बाजूंना उभी राहून संसार मांडतात, ही कल्पना मला कोणत्याही घोडदौडीपेक्षा अधिक चित्तवेधक वाटते.

हिंदीतल्या युद्धपटांत चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’ला मी अग्रमान देतो. १९६२ च्या लडाखमधील पराभवावर अवघ्या दोन वर्षांत चित्रपट काढायला धारिष्ट लागते. त्यात एका गाण्यात थंडीने काकडलेले जवान आपापले घर आठवतात. मदन मोहन यांनी ते रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर अशा चार गळ्यांत वाटून दिले आहे. ते लागले की बोलू नकोस, एवढे पथ्य पाळ. ‘बॉर्डर’ मात्र बोलत बोलत पाहायला हरकत नाही. त्यात निरोपाचे प्रसंग भरघोस आहेत आणि पत्रांचे गाणे तर गावोगाव पोहोचले. परंतु सूनबाई सत्यासत्याची रुजुवात करणाऱ्या असतील तर त्यांना आधीच सांगून ठेव, की डिसेंबर १९७१ मधील लोंगेवालाच्या त्या रात्री सव्वाशेच्या आतबाहेर जवानांनी ठाणे राखले, उजाडताच जैसलमेरहून हंटर विमाने आली, आणि आपल्या बाजूचे मृत्यू पडद्यावर दिसतात तितके नव्हते. दोनच जवान कामी आले. इतके थोडे गमावून ठाणे राखले, हीच वास्तविक मोठी बहादुरी. दिग्दर्शकाला ती पुरेशी वाटली नाही.

आणखी एक कसोटी सांगतो, ती आपल्या जिल्ह्याच्याच मातीतली. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला लढाई झाली. गोदावरी दुथडी भरलेली. निजाम नदी उतरून उत्तरेच्या काठावर गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज व बाजारबुणगे घेऊन दक्षिणेच्या काठावर अडकलेला. नेमक्या त्या स्थितीत मराठ्यांनी त्याला गाठले. दिवाण पडला, आणि पलीकडे धन्याला पाहत राहण्यापलीकडे काही करता येईना. माधवराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. नदी कोठे आहे आणि कोण कोणत्या तीरावर आहे एवढे कळले, की ही लढाई घरातल्या आजीलाही कळते. चांगल्या युद्धपटातही असेच असते. तलवारी लखलखतात, कॅमेरा गरगर फिरतो, आणि कोण कोठून आला याचा थांगपत्ता लागत नाही, असे तासभर चालले तर माणूस कंटाळतो. त्यात बाई-पुरुष हा भेद नाही. अलीकडल्या कित्येक ऐतिहासिक चित्रपटांविषयी माझी हीच तक्रार आहे.

किरकोळ सूचना एवढ्याच. ‘एलओसी कारगिल’ चार तासांहून मोठा आहे; कामाच्या दिवशी त्याच्या नादी लागू नका. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चा आरंभीचा समुद्रकिनारा रक्तमांसाचा आहे, सूनबाईंना त्याची पूर्वसूचना न देता तो लावशील तर तो सरळ विश्वासघात होय. ‘शेरशाह’ त्यांनी बहुधा तुझ्याआधीच पाहिला असेल, तेव्हा विचारून घे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ ला निजामाने शस्त्र खाली ठेवले, तेव्हा आपला जिल्हा मोकळा झाला. त्याआधी रझाकारांनी मांडलेला छळ आणि त्यानंतर संस्थानातल्या निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळलेली आपत्ती, दोन्ही आठवणी मराठवाड्यातल्या घराघरांत जिवंत आहेत. जो युद्धपट सीमेपलीकडचा शत्रू सोडून आपल्याच गल्लीतल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, तो कितीही गाजलेला असो, तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नकोस.

तूर्त पहिला चित्रपट मी सांगितला तो पाहा. दुसरा सूनबाईंनी निवडावा आणि तो तू कुरकुर न करता अखेरपर्यंत बसून पाहावा. त्यांनी कोणता निवडला आणि साबणाच्या वडीवरून वादात कोण हरले, ते उलटटपाली कळव. उभयतांस आशीर्वाद.

तुझा,
मामा