धान पिवळे पडले की हवा धुरकट झाली?
उपग्रह प्रतिमांचे अंशांकन आणि वातावरणीय दुरुस्ती

ऑक्टोबर महिन्यात रायपूर, धमतरी व दुर्ग परिसरातील धान निसवण्याच्या किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असते. तपकिरी तुडतुड्यांचा, म्हणजे छत्तीसगडमधील शेतकऱ्यांच्या भाषेत ‘भूरा माहो’चा, प्रादुर्भाव वाढण्याचा काळही हाच होय. बांध्यांमध्ये जळाल्यासारखे गोलाकार खळे दिसू लागतात. लगतच्या गोंदिया, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील धान उत्पादकांनाही ही लक्षणे परिचित आहेत.

सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा मोफत मिळू लागल्यापासून अनेक विस्तार कार्यकर्ते पीक निरीक्षणासाठी एनडीव्हीआय, म्हणजे वनस्पती निर्देशांकाचे, नकाशे वापरतात. दोन तारखांच्या नकाशांत हिरवा रंग फिका झाला की कीड आली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र हा फिकेपणा पिकातील आहे, हवेतील आहे की मोजमापातील, हे ठरवल्याशिवाय फवारणीचा सल्ला देणे धोक्याचे आहे. त्यासाठी रेडिओमेट्रिक अंशांकन आणि वातावरणीय दुरुस्ती या दोन प्रक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते.

अंशांकन : आकड्याचे मापात रूपांतर

उपग्रहावरील संवेदक जमिनीवरून आलेला प्रकाश टिपून प्रत्येक चौकटीसाठी एक पूर्णांक नोंदवतो. हा आकडा म्हणजे केवळ कच्ची नोंद होय. संवेदकाचे ठरावीक गुणक व स्थिरांक वापरून त्यापासून प्रारण काढले जाते. त्यानंतर सूर्याचा कोन आणि पृथ्वी-सूर्य अंतर लक्षात घेऊन परावर्तन, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी परत आलेला हिस्सा, काढला जातो.

सूर्याच्या कोनाचे महत्त्व रायपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. येथे २३ सप्टेंबरच्या सुमारास माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर असतो, तर २१ डिसेंबरला सुमारे ४५ अंशांवर. केवळ या कोनामुळे सपाट जमिनीवर पडणारा प्रकाश जवळपास चौथाईने घटतो. परावर्तन न काढता कच्च्या आकड्यांची तुलना केली, तर न बदललेली जमीनही काळवंडल्यासारखी भासेल.

संवेदकाची संवेदनशीलता काळानुसार बदलते, म्हणून अंशांकन वेळोवेळी तपासले जाते. सेंटिनेल-२ वर त्यासाठी सूर्यप्रकाश विखुरणारा पडदा बसवलेला आहे. भारतीय उपग्रहांच्या तपासणीसाठी कच्छच्या रणासारख्या विस्तीर्ण, सपाट व एकसारख्या भूभागांचाही वापर केला जातो.

हवेची भर आणि हवेची घट

जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश वातावरणातून संवेदकापर्यंत पोहोचताना दोन गोष्टी घडतात. हवेतील रेणू, धूळ व धूर काही सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत न पोहोचताच वर परतवतात. ही भर होय. काही प्रकाश हवेतच शोषला किंवा विखुरला जातो. ही घट होय.

हवेच्या रेणूंमुळे होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ६६५ नॅनोमीटरच्या लाल पट्ट्यात ते ८४२ नॅनोमीटरच्या निकट-अवरक्त पट्ट्यापेक्षा सुमारे अडीच पट असते. धूर व धूळ यांचा परिणाम तरंगलांबीनुसार इतका तीव्रपणे बदलत नाही. तरीही हिरव्या पिकाचे लाल परावर्तन मुळात अत्यल्प असल्याने थोडीशी भरही तेथे मोठा फरक पाडते.

समजण्यासाठी एक काल्पनिक बांधी घेऊ. पिकाचे खरे लाल परावर्तन ०.०४ आणि निकट-अवरक्त परावर्तन ०.४० असल्यास एनडीव्हीआय ०.८२ येतो. धुरकट हवेमुळे हेच आकडे ०.०७ व ०.३८ झाले, तर एनडीव्हीआय ०.६९ वर उतरतो. पिकाचे एक पानही पिवळे झालेले नसते. पावसाने हवा धुतलेल्या सप्टेंबरच्या दिवसाची तुलना हिवाळ्याच्या तोंडावरील धुरकट दिवसाशी, त्यातही सिलतरा-उरला औद्योगिक पट्ट्याच्या आसपास, करताना हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुरुस्ती कशी होते?

सोपी पद्धत ‘गडद वस्तू वजाबाकी’ची. प्रतिमेतील जवळपास काळ्या असाव्यात अशा जागेवर जे परावर्तन दिसते, ते हवेची भर मानून सर्व चौकटींतून वजा केले जाते. यासाठी खोल व स्वच्छ पाणी घेतात. धमतरीजवळील गंगरेल जलाशय सोयीचा वाटेल. परंतु पावसाळ्यानंतर गाळ असलेले पाणी लाल प्रकाश परावर्तित करते. असे पाणी आधार धरल्यास वजाबाकी प्रमाणाबाहेर होते आणि पीक प्रत्यक्षापेक्षा निरोगी दिसते.

अधिक काटेकोर पद्धतीत हवेतील धूलिकण, बाष्प, सूर्याचा कोन व भूभागाची उंची यांवरून प्रकाशाच्या प्रवासाचे गणित मांडले जाते. सेंटिनेल-२ च्या ‘स्तर-२ए’ प्रतिमांमध्ये ही दुरुस्ती केलेली असते. ‘स्तर-१सी’ प्रतिमांमध्ये केलेली नसते. म्हणून एक तारीख १सी आणि दुसरी २ए अशी तुलना कधीही करू नये. तसेच ही दुरुस्ती दाट ढग व त्यांच्या सावल्या हटवत नाही. त्या चौकटी वगळाव्याच लागतात.

एक हजाराचा फरक

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या नव्या प्रक्रिया पद्धतीत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना आधी १००० वजा करून मग १०,००० ने भागावे लागते. वरील निरोगी बांधीचे आकडे १४०० व ५००० असे नोंदले जातील. वजाबाकी विसरल्यास एनडीव्हीआय ०.८२ ऐवजी ०.५६ येतो. म्हणजे २०२१ ची प्रतिमा २०२३ च्या प्रतिमेशी ताडून पाहणाऱ्यास संपूर्ण तालुक्यात रोग पसरल्याचा भास होईल. गूगल अर्थ इंजिनमधील ‘हार्मोनाइज्ड’ संग्रहात ही वजाबाकी आधीच केलेली असते. तेथे ती पुन्हा करू नये.

क्षेत्रीय पडताळणी

१. दोन्ही प्रतिमा एकाच स्तराच्या असाव्यात आणि परावर्तनात रूपांतरित केलेल्या असाव्यात.

२. न बदलणारी एक-दोन ठिकाणे तपासावीत. रायपूरच्या माना विमानतळाची कोरडी धावपट्टी किंवा मोठे काँक्रीटचे आवार यांसाठी उपयुक्त आहे. तेथील लाल परावर्तनही वाढलेले दिसल्यास दोष पिकाचा नसून प्रतिमेचा असण्याची शक्यता अधिक.

३. एकाच प्रतिमेत, एकाच वाणाच्या व एकाच आठवड्यात रोवणी झालेल्या शेजारच्या बांध्यांशी तुलना करावी. जवळच्या बांध्यांवर हवा साधारण सारखीच असल्याने ही तुलना अधिक भरवशाची ठरते.

४. वाणाचा कालावधी विचारावा. लवकर तयार होणारा एमटीयू-१०१० पक्व होऊन पिवळा पडतो, तेव्हा उशिराचा स्वर्णा हिरवाच असतो. ही घसरण किडीची नव्हे.

या चारही कसोट्यांनंतर एनडीव्हीआय घसरलेलाच दिसला, तर ती बांधी पाहण्यास जाण्याची सूचना समजावी, फवारणीची नव्हे. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या पातळीच्या वर बसतात. उपग्रहाला ते दिसत नाहीत. दिसतो तो नुकसान झाल्यानंतरचा रंग. म्हणून चूड बाजूला सारून तुडतुडे मोजावेत आणि संख्या स्थानिक शिफारशीतील आर्थिक नुकसान पातळीच्या वर असेल तरच उपाय योजावा. धुरकट हवेला कीड समजून सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास कोळी व मिरिड ढेकूण हे मित्रकीटक मरतात आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो. प्रतिमेतील चुकीच्या आकड्याची किंमत अशा वेळी शेतकऱ्याला दोनदा मोजावी लागते. एकदा औषधाच्या खर्चात आणि दुसऱ्यांदा पिकात.